इलेक्ट्रिक गिटारवरून सिंथेसायझर वाजवण्यासाठी साधनांची निवड

बडोद्याचा गरबा आजही मंचावर प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींच्या बळावर चालतो आणि त्या मंचावर ढोल, ऑक्टापॅड व कीबोर्ड यांच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटारही असतेच. शहनाई, बासरी, सारंगी किंवा व्हायोलिनच्या ताफ्याचे तुकडे मात्र कीबोर्डवादकाच्या वाट्याला जातात, कारण ते आवाज सिंथेसायझरमध्ये असतात आणि सिंथेसायझर वाजवायचा तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून, अशीच आपली सवय आहे. गिटारवादकाकडे एक गोष्ट अशी असते की जी कीबोर्डवर चाक फिरवून साधावी लागते, आणि ती म्हणजे मींड. तार ओढून किंवा बोट घसरवून षड्जावरून मध्यमापर्यंत जाणे गिटारवर हाताला सहज येते. तोच हात शहनाईच्या आवाजाला लावता आला, तर गरब्याच्या दोन कडव्यांमधला तुकडा असो की गणेशोत्सवातल्या नाट्यगीताची साथ असो, त्यात जो जिवंतपणा येतो तो ऐकण्यासारखा असतो. रावपुरा आणि दांडिया बाजार भागात दरवर्षी होणाऱ्या कार्यक्रमांतून साथ करणाऱ्या तरुण गिटारवादकांकडून या साधनांविषयी वारंवार विचारणा होते, म्हणून हे मार्गदर्शन सविस्तर लिहीत आहे.

दुकानात किंवा संकेतस्थळावर यंत्रांची नावे पाहत बसण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. ही निवड म्हणजे मुळात एकाच प्रश्नाचे उत्तर आहे: तारेच्या कंपनाचे स्वराच्या सूचनेत रूपांतर नेमके कोठे व्हावे, आणि त्या रूपांतराला लागणारा वेळ आपल्या वादनाला किती सोसवतो? सिंथेसायझर कोणता, त्यात आवाज किती, पडदा रंगीत आहे की नाही, हे सगळे त्यानंतरचे.

आवाज हवा आहे की ताबा?

गिटारमधून सिंथेसायझरसारखा आवाज काढणे आणि गिटारने सिंथेसायझर वाजवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. बॉसचे एसवाय-१ किंवा एसवाय-२००, तसेच इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे सिंथ९ हे पेडल पहिल्या प्रकारात मोडतात. गिटारची नेहमीची केबल त्यांत लावायची, वेगळा पिकअप (तारेचे कंपन टिपणारा भाग) बसवायचा नाही, पूर्ण कॉर्ड वाजवली तरी चालते आणि उशीर जाणवतच नाही, कारण हे पेडल कोणता स्वर वाजला हे ओळखण्याच्या भानगडीत न पडता गिटारच्या लहरीवरच प्रक्रिया करतात. गाण्यामागे केवळ भरावाचा आवाज हवा असेल, तर माझ्या मते एवढ्यानेच काम भागते आणि पुढचा सगळा खटाटोप करण्याची गरज उरत नाही. मात्र या पेडलांतून बाहेरच्या सिंथेसायझरला स्वर पाठवता येत नाहीत. ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डमधलीच शहनाई हवी असेल, घरी संगणकावर वाजवलेले स्वर नंतर दुरुस्त करता यावेत अशी इच्छा असेल, किंवा एखादा जुना अ‍ॅनालॉग सिंथ गिटारने बोलता करायचा असेल, तर मिडीला पर्याय नाही.

मिडी ही १९८३ साली प्रचारात आलेली सूचनांची भाषा आहे. तिच्यातून आवाज जात नाही. कोणता स्वर सुरू झाला, किती जोराने छेडला, केव्हा थांबला आणि मध्ये किती वर-खाली सरकला, एवढेच जाते. पाच पिनांच्या जुन्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एका स्वराची सूचना जेमतेम एका मिलिसेकंदात पोचते. ‘मिडीमुळे उशीर होतो’ असे मंचावर सर्रास बोलले जाते, पण गिटारच्या बाबतीत तो उशीर केबलमध्ये नसतो. तो तारेपाशीच असतो.

उशीर कोठून येतो

कीबोर्डची पट्टी दाबली की यंत्राला स्वर आधीच ठाऊक असतो. गिटारची तार छेडल्यावर मात्र यंत्राला ती ऐकून स्वर ओळखावा लागतो आणि त्यासाठी कंपनाचे किमान एक पूर्ण आवर्तन त्याच्यासमोरून जावे लागते. प्रमाण पद्धतीने सुरात लावलेली सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते, म्हणून तिचे एक आवर्तन १२ मिलिसेकंदांहून थोडे अधिक घेते. पहिली, सर्वांत बारीक तार ३२९.६ वेळा कंप पावते आणि तिचे आवर्तन ३ मिलिसेकंदांत संपते. त्यातही नखीचा आघात झाल्यानंतरचा अगदी सुरुवातीचा क्षण खरखरीचा असतो आणि त्यात स्वर ठरलेला नसतो, त्यामुळे यंत्र साधारणपणे एकाहून अधिक आवर्तने पाहूनच निर्णय करते. जाड तारेवर दोन आवर्तने पाहायची म्हटली की २४ मिलिसेकंद तिथेच गेले.

हा आकडा कानाला किती जाणवतो, हे समजण्यासाठी एक तुलना पुरते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून तीन मीटर दूर उभे राहिल्यावर आवाज आपल्यापर्यंत यायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात आणि त्याची आपण तक्रार करत नाही. बारीक तारांवरचा उशीर याच मापाचा असतो. जाड तारांवरचा उशीर मात्र द्रुत लयीत पाय ओढल्यासारखा वाटतो, आणि गरब्यातल्या हींचच्या ठेक्यात तर तो लगेच उघडा पडतो.

यातून निवडीचे काही नियम आपोआप निघतात. बेसचे तुकडे जाड तारांवर वाजवून सिंथेसायझरला पाठवू नयेत. ते वरच्या तारांवर वाजवावेत आणि सिंथेसायझरमध्ये एक किंवा दोन सप्तके खाली उतरवावेत. आवाज निवडताना ज्यांची सुरुवात हळुवार असते, असे शहनाई, बासरी, व्हायोलिनचा ताफा, पॅड (मागे भरून राहणारा लांब आवाज) हे आवाज घ्यावेत, कारण त्यांत काही मिलिसेकंदांचा फरक मिसळून जातो. संतूर, पियानो किंवा मारिंबा यांचा आघातच मुळी धारदार असल्यामुळे तेथे उशीर लपत नाही. आणि तिसरी गोष्ट विक्रेता सांगणार नाही, म्हणून येथे स्पष्ट लिहितो: तिप्पट किंमत मोजली म्हणून तारेचे आवर्तन लहान होत नाही. आघाताच्या खरखरीवरूनच स्वराचा अंदाज बांधून वेळ वाचवणारी यंत्रे पूर्वी निघाली होती, पण अंदाज चुकला की भलताच स्वर वाजतो, आणि गाण्यात उशिरा आलेल्या स्वरापेक्षा चुकीचा स्वर जास्त खटकतो.

रूपांतर कोठे करावे

सर्वांत साधी वाट म्हणजे एका वेळी एकच स्वर ओळखणारे यंत्र. सोनूसचे जी२एम हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ते गिटारच्या नेहमीच्या जॅकला लागते, गिटारवर काहीही चिकटवावे लागत नाही आणि दुसऱ्या बाजूने मिडी बाहेर पडतो. शहनाई किंवा बासरीची ओळ एका वेळी एकच स्वर घेते, जुन्या धाटणीचे अनेक अ‍ॅनालॉग सिंथही एका वेळी एकच स्वर वाजवतात, तेव्हा अशा कामासाठी सहा तारांची यंत्रणा घेणे म्हणजे निष्कारण खर्च आहे. अट एकच असते आणि ती कडक असते: एका वेळी एकच तार वाजली पाहिजे. आधीची तार किंचित जरी घुमत राहिली, तरी यंत्र गोंधळते आणि मधेच अनोळखी स्वर उमटतात. उजव्या हाताच्या तळव्याने न वाजणाऱ्या तारा दाबून धरण्याची सवय ज्याला आहे, त्याला हे यंत्र छान साथ देते. ज्याला खुल्या तारा वाजत्या ठेवून खेळण्याची सवय आहे, त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. कोर्गच्या १९७८ सालच्या एमएस-२० या अ‍ॅनालॉग सिंथमध्ये तर बाहेरून आलेल्या आवाजाचा स्वर ओळखून त्याचे विद्युतदाबात रूपांतर करणारा भाग आतच बसवलेला होता आणि नंतर निघालेल्या एमएस-२० मिनीतही तो आहे. गिटार थेट त्यात लावता येते. मंचासाठी ते भरवशाचे साधन नाही, परंतु घरी नवनवे आवाज शोधणाऱ्याला त्यातून मिळणारा आनंद मोठा आहे.

दुसरी वाट सॉफ्टवेअरची. जॅम ओरिजिन या कंपनीचे मिडी गिटार हे सॉफ्टवेअर साध्या पिकअपच्या आवाजातून एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर ओळखते आणि ते मॅक, विंडोज तसेच आयपॅडवर चालते. त्याची चाचणी आवृत्ती मिळते, म्हणून माझा आग्रह असा की पुढचे कोणतेही यंत्र घेण्याआधी ती आपल्या गिटारवर चालवून पाहावी. आपला हात किती स्वच्छ वाजतो, हे तिच्यावरून घरबसल्या कळते. त्यासाठी ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज संगणकात नेणारी पेटी) लागतो आणि त्यावर गिटारसाठी वेगळी, उच्च प्रतिरोधाची जागा असावी लागते. माइकच्या किंवा लाइनच्या जागेत गिटार लावली तर आवाज दबतो आणि ओळखही बिघडते. संगणक आवाजाचे छोटे छोटे तुकडे साठवून मग त्यांवर काम करतो. ४४.१ किलोहर्ट्झवर तुकडा २५६ नमुन्यांचा ठेवला, तर ५.८ मिलिसेकंद जातात. १२८ ठेवला, तर २.९. हा वेळ तारेच्या उशिरात मिळवला जातो आणि आवाज बाहेर पडतानाही तो पुन्हा लागतो, म्हणून विंडोजवर एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर असलेलाच इंटरफेस घ्यावा आणि संगणक तडतड न करता पेलेल तेवढा लहान तुकडा ठेवावा. ध्वनिमुद्रण, संगीतरचना आणि सराव यांसाठी ही वाट मला सर्वांत उत्तम वाटते. नऊ रात्री उघड्या मैदानावर, धुळीत आणि जनरेटरच्या विजेवर लॅपटॉप चालवण्याची शिफारस मात्र मी करणार नाही.

तिसरी वाट सहा तारांच्या स्वतंत्र पिकअपची, आणि ज्याला मंचावर कॉर्डसह सर्व काही वाजवायचे आहे त्याने हीच धरावी. साधा पिकअप सहाही तारांचा आवाज एकत्र करून एका केबलमध्ये सोडतो. हा पिकअप प्रत्येक तारेचा आवाज वेगळा ठेवतो, त्यामुळे यंत्राला सहा सोपी कोडी सोडवावी लागतात, एक अवघड कोडे नव्हे. रोलँडने १९७७ साली जीआर-५०० बाजारात आणल्यापासून ही कल्पना प्रचारात आहे. रोलँडचा जीके-३ हा अनेक वर्षे सर्वाधिक दिसणारा पिकअप होय. तो गिटारच्या अंगावर बसवतात आणि तेरा पिनांच्या जाड केबलने यंत्राला जोडतात. सहा तारांचे आवाज, गिटारचा नेहमीचा आवाज, सिंथेसायझरच्या आवाजाचा नॉब आणि दोन बटणे, शिवाय पिकअपला लागणारी वीज, हे सारे त्याच केबलमधून जाते, म्हणून त्यात बॅटरी घालावी लागत नाही.

२०२३ साली बॉसने जीके-५ हा नवा पिकअप आणि त्याच्यासाठी जीएम-८०० हे यंत्र आणले. त्यात तारांचा आवाज पिकअपमध्येच डिजिटल होतो आणि तेरा पिनांऐवजी बारीक केबलमधून जातो. नवे-जुने एकत्र करताना येथे फार सावध राहावे लागते. जीके-३ची केबल जीएम-८००मध्ये लागत नाही. मध्ये जीकेसी-एडी नावाचे रूपांतरक लागते. उलट, नवा जीके-५ पिकअप एसवाय-१०००सारख्या तेरा पिनांच्या यंत्राला जोडायचा असेल, तर जीकेसी-डीए हे दुसरे रूपांतरक लागते. कोणी स्वस्तात जुना पिकअप देऊ केला, तर त्याच्या किमतीत या रूपांतरकाची किंमत मिळवूनच हिशेब करावा. जीएम-८०० आणि एसवाय-१००० या दोन्ही यंत्रांत स्वतःचे आवाज आहेत आणि ती बाहेरच्या सिंथेसायझरलाही मिडी पाठवू शकतात. एसवाय-१०००मधले सिंथचे आवाज तारांच्या लहरींवरूनच घडतात, म्हणून ते बोटांना जास्त जवळचे वाटतात. जीएम-८००मध्ये कीबोर्डच्या जातीचे तयार आवाज असतात. गरब्याच्या ऑर्केस्ट्रासाठी मी जीएम-८००ला पसंती देईन.

फिशमनचा ट्रिपलप्ले हा सहा तारांचाच पिकअप असून त्याच्या मूळ प्रकारात केबल नाही, २.४ गिगाहर्ट्झवर तो यूएसबीत लावलेल्या रिसीव्हरला सूचना पाठवतो. ट्रिपलप्ले कनेक्ट हा त्याचा केबलवाला भाऊ आहे. घरी आणि स्टुडिओत बिनकेबलीचा प्रकार फार सोयीचा पडतो, परंतु वायफाय आणि ब्ल्यूटूथही त्याच पट्ट्यात चालतात. हजारो मोबाइल खिशात घेऊन नाचणाऱ्या गर्दीसमोर केबलवालीच व्यवस्था ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांची गिटार नायलॉन तारांची आहे, त्यांना चुंबकीय पिकअप उपयोगी नाही, कारण चुंबकाला पोलाद लागते. त्यांच्यासाठी ब्रिजमध्येच प्रत्येक तारेखाली पिझो (चुंबकाविना कंपन टिपणारा भाग) बसवलेल्या आणि तेरा पिनांची जागा असलेल्या गिटारी गोदँसारख्या कंपन्या करतात. बारा तारांच्या गिटारवर यांपैकी काही लावू नये.

ज्याला सूचना द्यायच्या, तो सिंथेसायझर

गिटारच्या बाजूची निवड झाली, की सिंथेसायझरची मागची बाजू पाहावी, पुढची नव्हे. तेथे पाच पिनांचा मिडी इन आहे का, की केवळ यूएसबी आहे? यामाहाच्या पीएसआर-आय५००सारख्या घरगुती कीबोर्डवर केवळ यूएसबी असते आणि ती संगणकाला जोडण्यासाठी असते. दोन यूएसबी यंत्रे थेट एकमेकांना जोडली तर ती आपसांत बोलत नाहीत. त्यांच्यामध्ये संगणक, आयपॅड किंवा यूएसबी होस्टचे काम करणारी छोटी पेटी असावी लागते. ट्रिपलप्ले आणि असा कीबोर्ड घेऊन एखादा थेट मंचावर गेला, तर त्याच्या हाती दोन चांगली यंत्रे असूनही आवाज निघणार नाही.

दुसरी बाब अशी की सहा तारांसाठी सहा मिडी चॅनल लागतात. मींड आणि तार ओढणे हे मिडीत ‘पिच बेंड’ या सूचनेने जाते आणि ती सूचना संपूर्ण चॅनलला लागू होते. सहाही तारा एकाच चॅनलवर पाठवल्या आणि त्यांतली एक ओढली, तर सगळी कॉर्ड सरकते. म्हणून प्रत्येक तारेला स्वतंत्र चॅनल देण्याची सोय यंत्रात असते आणि तिला मोनो मोड म्हणतात. सिंथेसायझरही तेवढ्या चॅनलांवर एकाच वेळी ऐकणारा हवा. चॅनल ठरवताना १० क्रमांक टाळावा, कारण जनरल मिडी हा आवाजांच्या मांडणीचा सामाईक नियम पाळणाऱ्या सिंथेसायझरमध्ये तो ड्रमसाठी राखून ठेवलेला असतो. पहिली तार ५ वर ठेवली, तर पुढच्या तारा क्रमाने ६ ते १० वर जातात आणि सहावी तार छेडताच स्वराऐवजी ढोलताशे वाजू लागतात. ११ ते १६ हा पट्टा त्यासाठी सुरक्षित आहे. एमपीई ही मिडीची नवी पद्धत पाळणारा अलीकडचा सिंथ असेल, तर स्वरागणिक वेगळा चॅनल ही व्यवस्था त्यात मुळातच असते.

आता ज्या जागी सर्वाधिक वादक निराश होतात, ती जागा जवळून पाहू. गिटारच्या यंत्रात पिच बेंडची कक्षा १२ अर्धस्वरांची ठेवलेली आहे आणि सिंथेसायझरमध्ये ती कारखान्यातून आल्याप्रमाणे २ अर्धस्वरांची आहे असे समजा. तुम्ही षड्जावर शहनाई सुरू केली आणि बोट पाच फ्रेट पुढे घसरवत मध्यमापर्यंत नेले. यंत्राने सांगितले, ‘पूर्ण कक्षेच्या बारा भागांतले पाच भाग वर जा.’ सिंथेसायझरने आपल्या दोन अर्धस्वरांच्या बारा भागांतले पाच भाग काढले, म्हणजे एका अर्धस्वराचे सहांतले पाच भाग, एक पुरा अर्धस्वरदेखील नाही. तुमचे बोट मध्यमावर आहे, गिटार मध्यम देत आहे, आणि शहनाई कोमल ऋषभाच्याही अलीकडे अडकलेली आहे. वादकाला वाटते यंत्र बेसूर आहे. प्रत्यक्षात दोन्हीकडचा आकडा सारखा करायचा राहिलेला असतो. दोन्हीकडे १२ किंवा दोन्हीकडे २४ ठेवावे. त्यामुळे विकत घेण्याआधीच पुस्तिकेत पाहावे की सिंथेसायझरमध्ये ही कक्षा १२पर्यंत वाढवता येते का आणि ती प्रत्येक चॅनलसाठी ठेवता येते का. हार्मोनिअम किंवा पियानोचा आवाज लावताना मात्र उलटे करावे: यंत्रात क्रोमॅटिक मोड लावावा, म्हणजे स्वर घसरत न जाता पायरी-पायरीने बदलतात, जसे ते त्या वाद्यांत बदलतात.

ऑर्केस्ट्रात रोलँडचा एक्सपीएस-३०सारखा भारतीय आवाजांचा कीबोर्ड असतोच, मग गिटार त्यालाच जोडावी का? जोडता येते. पण कीबोर्डवादक ज्या चॅनलवर वाजवत आहे त्याच चॅनलवर तुमच्या तारेची मींड पोचली, तर त्याचे हातातले स्वरही सरकतील, आणि त्याने आवाज बदलला की तुमचाही बदलेल. एक वाद्य दोघांत वाटून घेण्यापेक्षा गिटारवादकाने स्वतःच्या ताब्यातला लहान सिंथ किंवा साउंड मोड्यूल (पट्ट्या नसलेली सिंथेसायझरची पेटी) ठेवणे दोघांच्याही हिताचे आहे. गायकाची पट्टी ऐन वेळी बदलली तर सिंथेसायझरमध्ये ट्रान्सपोज करण्याचा, म्हणजे सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवण्याचा, मोह होतो. तसे करताना गिटारचा मूळ आवाज पूर्ण बंद ठेवावा, नाहीतर दोन पट्ट्या एकाच वेळी ऐकू येतात.

गिटारची तयारी

हे सगळे नीट चालणे शेवटी गिटारवर अवलंबून असते. फ्रेटवर घासणारी तार, जुनी गंजलेली तार किंवा वरच्या फ्रेटवर सुरात न येणारा ब्रिज यांमुळे उत्तम यंत्रही गोंधळते. बडोद्याच्या पावसाळी दमटपणात तारा लवकर काळवंडतात, म्हणून पिकअप बसवण्याआधी नव्या तारा चढवाव्यात आणि गिटार जाणकाराकडून सेट करून घ्यावी.

सहा तारांचा पिकअप ब्रिजच्या जितक्या जवळ बसेल तितका बसवावा, कारण तेथे तारेचा हेलकावा कमी असतो आणि शेजारच्या तारेचा आवाज कमी मिसळतो. तारा आणि पिकअप यांतले अंतर सुमारे एक मिलिमीटर असावे, आणि ते मोजायचे ते शेवटच्या फ्रेटवर तार दाबून. जवळ मोजपट्टी नसेल तर एटीएम कार्ड वापरावे. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, तेव्हा दाबलेल्या तारेखालून कार्ड न अडखळता सरकले आणि थोडीशीच फट उरली, तर अंतर योग्य आहे. पहिल्या आणि सहाव्या तारेशी हे वेगवेगळे तपासावे, कारण बहुतेक गिटारींचा ब्रिज कमानदार असतो. प्रत्येक तार आपापल्या खुणेवरून बरोबर जाते की नाही, हे वरून पाहावे. सुरुवातीला दुतर्फी चिकटपट्टीने बसवून काही आठवडे वाजवावे आणि जागा पटली की स्क्रूने पक्के करावे. उन्हाळ्यात बंद गाडीत गिटार राहिली तर चिकटपट्टी मऊ पडून पिकअप सरकतो आणि अंतर बिघडते.

यानंतर यंत्रात प्रत्येक तारेची संवेदनशीलता लावायची असते. तुम्ही ज्या जोराने प्रत्यक्ष कार्यक्रमात वाजवता, त्याच जोराने प्रत्येक तार छेडावी आणि पडद्यावरची पट्टी सर्वांत मोठ्या आघातालाच टोकाला पोचेल असे ठेवावे. संवेदनशीलता जास्त झाली, तर तारेला बोट लागले तरी स्वर उमटतो. कमी झाली, तर हळुवार स्वर गळतात. शहनाईसारख्या आवाजाला आघाताचा जोर कमी-जास्त झाल्याने फायद्यापेक्षा तोटा अधिक होतो, म्हणून तेथे जोराची सूचना एकाच आकड्यावर स्थिर ठेवणे बरे.

खरेदी

बडोद्याच्या वाद्यांच्या दुकानांत कीबोर्ड आणि ऑक्टापॅड पाहायला मिळतात. सहा तारांचा पिकअप बहुधा मागवावाच लागतो. परदेशी संकेतस्थळावर दिसणारी किंमत ही शेवटची किंमत नसते. तीवर सीमाशुल्क आणि जीएसटी बसतो. जपानहून कोणी यंत्र आणून दिले, तर त्याचा अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टचा असू शकतो आणि आपल्या २३० व्होल्टवर तो लावताच जळतो, म्हणून त्यावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय प्लग लावू नये. नवरात्रात वाजवायचे असेल, तर यंत्र गणपती बसण्याआधी हातात यावे. त्यामुळे सरावाला जवळजवळ महिना मिळतो आणि तेवढा लागतोच, कारण स्वच्छ वाजवण्याची सवय बोटांना पुन्हा लावावी लागते.

जुन्या यंत्रांत रोलँडचे जीआर-५५ आणि जीआय-२० ही दोन्ही आजही घेण्याजोगी आहेत. पहिल्यात स्वतःचे आवाज आहेत; दुसरे केवळ रूपांतर करते आणि मिडी बाहेर देते. वापरलेले यंत्र घेताना आपली गिटार, आपला पिकअप आणि आपलीच केबल घेऊन जावे. एकेक तार खुली, मग पाचव्या आणि बाराव्या फ्रेटवर वाजवून पाहावी आणि सहाही तारांचे स्वर यंत्राच्या पडद्यावर उमटतात की नाही हे बघावे. एखादी तार अजिबातच ओळखली जात नसेल, तर आधी केबल बदलून पाहावी, कारण तेरांपैकी एक पिन वाकली तरी नेमकी एकच तार गप्प होते. पिन सरळ आहेत आणि कड्या घट्ट बसतात, हे जोडण्याआधी तपासावे, आणि यंत्र बंद असतानाच केबल लावावी व काढावी. जीके-५साठी कंपनीचीच खास केबल घ्यावी. दिसायला तशीच असणारी साधी स्टीरिओ केबल त्या कामाची नाही. तेरा पिनांची केबल तर ऐन कार्यक्रमाच्या दिवशी गावात कोठेही मिळत नाही, म्हणून पहिल्या खरेदीतच दोन घ्याव्यात आणि दुसरी गिटारच्या पेटीत कायम ठेवावी.